होडीच्या तीन जागा आणि कावेरीचे मुख

जून १९८१ मध्ये निन्टेंडो या जपानी कंपनीने ‘पॅराशूट’ नावाचा, तळहातावर मावणारा एक खेळ बाजारात आणला. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हेलिकॉप्टर, त्यातून हवाई छत्र्यांनिशी एकामागून एक खाली येणारी माणसे, खाली समुद्र, समुद्रात शार्क, आणि वल्ह्याच्या होडीत एक माणूस. होडीला जागा तीनच : डावी, मधली, उजवी. माणूस पाण्याला टेकण्यापूर्वी होडी त्याच्याखाली आली तर एक गुण; नाही तर तो शार्कच्या तोंडी. अशा तीन चुका झाल्या की खेळ संपला. खेळाच्या अवघड प्रकारात उतरणारा एखादा माणूस माडाच्या झाडाला अडकून झोके घेतो आणि नेमका नको त्या क्षणी सुटतो. हेलिकॉप्टर, माड, समुद्र, होडी आणि वेळेवर पोहोचण्याची धडपड ही सारी सामग्री तमिळनाडूतील तंजावर-नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर, कावेरीच्या मुखाशी वसलेल्या गावांत, खेळाबाहेरही आहे. या दोन्ही इतिहासांत ‘वाचवणे’ या क्रियापदाचा अर्थ मात्र एक नाही, आणि तो फरक मुळात तांत्रिक आहे.

आधी खेळाचे तंत्र. निन्टेंडोतील अभियंता गुनपेई योकोई यांना अशा खेळाची कल्पना सुचली ती आगगाडीत, असे सांगितले जाते : एक कंटाळलेला प्रवासी गणकयंत्राची बटणे उगाच दाबत बसला होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस गणकयंत्रांची स्पर्धा इतकी तीव्र झाली होती की द्रवस्फटिक पडदे आणि त्यांना चालवणाऱ्या चिप स्वस्त होऊन पडल्या होत्या. योकोई यांचे तत्त्व असे की जुने, मुरलेले, स्वस्त तंत्रज्ञान घ्यावे आणि त्याचा आडवाटेने विचार करावा. शार्प कंपनीने चिप आणि पडदे पुरवले, आणि एप्रिल १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ या मालिकेतला पहिला खेळ ‘बॉल’ आला. ‘वॉच’ हे नाव उगाच नव्हते. खेळ चालू नसताना पडदा घड्याळाचे काम करी. आतला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावे. ही संख्या म्हणजे २ चा पंधरावा घात. ती पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक सेकंद उरतो. मनगटी घड्याळात आजही तोच स्फटिक असतो. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या हा खेळ घड्याळाच्या पोटी जन्मलेला होता, आणि त्याचा स्वभावही घड्याळाचाच राहिला : टिक् झाले की प्रत्येक माणूस एक घर खाली.

त्याचा पडदा आजच्या मोबाइलसारखा ठिपक्यांचा नव्हता. प्रत्येक आकृती, म्हणजे छत्रीखालच्या माणसाची प्रत्येक स्थिती, शार्कचे प्रत्येक उघडे तोंड, होडीची प्रत्येक जागा, काचेवरच्या पारदर्शक विद्युत्-अग्रांच्या रूपाने कारखान्यातच कोरलेली असे. दोन काचांमध्ये द्रवस्फटिकाचा पातळ थर, बाहेरून दोन ध्रुवक पट्ट्या. विद्युत्-दाब नसताना द्रवस्फटिकाचे रेणू प्रकाशाची ध्रुवण-दिशा ९० अंशांनी वळवतात आणि प्रकाश पार होतो. दाब दिला की रेणू उभे राहतात, वळण जाते आणि तेवढी आकृती काळी दिसते. (असा खेळ कडक उन्हात राहिला तर पडदा सगळाच काळा पडतो : उष्णतेने रेणूंची रचना विस्कटते आणि वळण सर्वत्र नाहीसे होते. सावलीत निवल्यावर बहुधा तो पूर्ववत होतो.) हालचाल अशी या खेळात नाहीच. एक आकृती विझते, शेजारची उमटते, आणि डोळा मधले अंतर स्वतः भरून काढतो.

खेळ बंद असताना पडदा तिरपा करून उजेडात धरला तर सगळ्या आकृत्या एकाच वेळी फिकट दिसतात : पडणारे, पकडलेले आणि बुडालेले सगळे. जो कोणी या जगात संकटात सापडू शकतो तो आधीपासून काचेत हजर आहे. त्याचा मार्ग ठरलेला आहे, तो कुठे पडेल त्या जागा तीन आहेत, आणि तो दिसतो. खेळणाऱ्याकडून फक्त वेळ साधण्याची अपेक्षा आहे. शोधाशोध करण्याचा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. काही किलोबाइटांच्या स्मृतीत तो बसवताही आला नसता.

पुढल्याच वर्षी, १९८२ मध्ये, अमेरिकेत डॅन गॉर्लिन यांनी ॲपल-२ या संगणकासाठी ‘चॉपलिफ्टर’ लिहिला आणि बचावाच्या खेळात मोठी भर पडली. इथे हेलिकॉप्टर खेळणाऱ्याच्याच हाती आले. शत्रूच्या मुलखात चार इमारती, प्रत्येकीत १६ ओलीस, एकूण ६४. हेलिकॉप्टरमध्ये एका वेळी १६ जण मावतात, म्हणून किमान चार फेऱ्या. ओलीस पडद्यावर हात हलवतात, हेलिकॉप्टर उतरले की त्याच्याकडे धावतात. गॉर्लिन यांची खरी प्रतिभा पुढे दिसते : घाईने किंवा चुकीच्या जागी उतरल्यास त्याच हेलिकॉप्टरखाली ओलीस चिरडले जातात, आणि खेळणाऱ्याच्या गोळीनेही मरतात. वाचवणारा मारूही शकतो, हे तोवर फार थोड्या खेळांनी दाखवले होते. पडद्यावर सारखे तीन आकडे असतात : किती मेले, किती हेलिकॉप्टरात आहेत, किती घरी पोहोचले. नेहमीच्या अर्थाने गुण नाहीतच. १९८५ मध्ये सेगा कंपनीने तो नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रावर आणला. एरवी खेळांचा प्रवास उलटा, यंत्राकडून घरच्या संगणकाकडे होत असे. १९९१ मध्ये ‘चॉपलिफ्टर २’ निन्टेंडोच्या ‘गेम बॉय’वर आला आणि हेलिकॉप्टरने माणसे वाचवण्याचा हा खेळ पुन्हा तळहातावर उतरला. गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा आणि चार छटांचा होता. आता आकृत्या काचेत कोरलेल्या नव्हत्या. पडद्याबाहेरही मुलूख होता आणि तो सरकत पुढे येई. शोध थोडासा सुरू झाला होता, तरी ६४ हा आकडा मूळ खेळात उड्डाणापूर्वीच ठाऊक असे.

भारतात ही खेळणी दुकानांतून फारशी आली नाहीत. आयातशुल्काच्या त्या दिवसांत ती परदेशाहून परतणाऱ्यांच्या सामानातून येत. सर्वसामान्य मुलांच्या हाती पडला तो १९९० च्या दशकात जत्रेतल्या पालांवर मिळणारा ‘ब्रिक गेम’. कावेरीच्या मुखावरील नागूर, नागपट्टिनम, कूत्तानल्लूर या गावांचे परदेशाशी नाते मात्र त्याहून खूप जुने आहे. नागपट्टिनम बंदरावरून पेनांग आणि सिंगापूरला प्रवासी जहाजे जात, आणि डेल्टातल्या कितीतरी घरांचे एखादे माणूस पिढ्यान्‌पिढ्या समुद्रापलीकडे असे. या नात्याने पुढे एका सकाळी जे काम केले ते कोणत्याही हेलिकॉप्टरला जमले नसते. त्याचा उल्लेख क्रमाने येईल.

कावेरी तिरुचिरापल्लीजवळ दुभंगते. उत्तरेचा फाटा कोळ्ळिडम पुराचे पाणी समुद्राकडे नेतो. दक्षिणेचा फाटा कल्लणै धरणापासून असंख्य शाखा-कालव्यांत विभागत तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिनमची भातशेती भिजवतो. कल्लणै हे बांधकाम परंपरेने करिकाल चोळाचे मानले जाते. समुद्राकडे जाताना या जमिनीला उतार जवळजवळ नाही. त्यामुळे पाणी येते लवकर आणि जाते फार सावकाश. ईशान्य मोसमी पावसाचा काळ ऑक्टोबर ते डिसेंबर. बंगालच्या उपसागरातली वादळेही याच महिन्यांत येतात, आणि तेव्हाच सांबा हंगामाचे भात शेतात उभे असते. म्हणजे वादळ येते तेव्हा जमीन आधीच पाण्याखाली असते.

मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरला भोसल्यांचे राज्य होते. सरफोजी दुसरे यांनी पट्टुकोट्टै भागातल्या समुद्रकिनाऱ्यावर १८१४-१५ च्या सुमारास ‘मनोरा’ नावाचा आठ मजली षट्कोनी बुरूज बांधला. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाचे ते स्मारक. एका मराठी राजाने तमिळ किनाऱ्यावर फ्रेंच सम्राटाच्या पराभवाची आठवण उभारावी, यात त्या काळाचा सगळा राजकीय गुंता आला. समुद्रावर नजर ठेवायला इतकी उंच जागा या सपाट किनाऱ्यावर दुसरी क्वचितच असेल. पण चक्रीवादळाची चाहूल बुरुजावरून लागत नाही. क्षितिज काही किलोमीटरांवर संपते, आणि वादळ तिथे दिसू लागते तेव्हा पळायला वेळ उरलेला नसतो.

३० नोव्हेंबर १९५२ ला एक चक्रीवादळ नागपट्टिनमजवळ किनाऱ्यावर आले. १ डिसेंबर १९५५ ला दुसरे, तंजावर जिल्ह्यातील राजामडमजवळ. १२ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे तिसरे, नागपट्टिनमच्या किंचित दक्षिणेस. त्याचे वारे तंजावर आणि तिरुचिरापल्लीपर्यंत ताशी १२० किलोमीटरच्या घरात पोहोचले. हवामान खात्याच्या नोंदीत त्या वादळाचे ५६० मृत्यू आणि सुमारे १० लाख बेघर आहेत. हे वादळ आज फारसे आठवले जात नाही, कारण अवघ्या आठवड्याने, १९ नोव्हेंबरला, आंध्रच्या दिवी सीमेवर आलेल्या वादळाने हजारोंचा बळी घेतला आणि देशाचे लक्ष तिकडे गेले. वादळांच्या इतिहासातही एक आकडा दुसऱ्याला झाकून टाकतो.

अशा वेळी हेलिकॉप्टर काय करू शकते, याचे गणित विद्यार्थ्यांना स्वतः मांडता येईल. भारतीय दलांनी दशकानुदशके बचावासाठी वापरलेले ‘चेतक’ मूळ फ्रेंच आराखड्याचे. बंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ते १९६५ पासून देशात बनवले. त्यात वैमानिकासह सात जण बसतात. चॉपलिफ्टरच्या १६ शी ही संख्या ताडून पाहावी. ६४ माणसांसाठी, दरवेळी सहा नेली तरी, अकरा फेऱ्या. दोराने एकेक ओढून घ्यायचा तर वेळ आणखी लागतो. पूर्ण भाराचे चेतक सुमारे २,२०० किलोग्रॅमचे, पंख्याचा व्यास सुमारे ११ मीटर. हवेत स्थिर राहण्यासाठी त्याला आपल्या वजनाइतका जोर लावून हवा खाली ढकलावी लागते. साध्या संवेग-सिद्धान्ताने हिशेब केला तर पंख्याच्या पातळीवर हवेचा वेग सेकंदाला सुमारे १० मीटर येतो आणि खाली जाता जाता तो दुप्पट होतो, म्हणजे ताशी सुमारे ७० किलोमीटर. वादळाने अर्धवट उचकटलेले माडाच्या झावळ्यांचे छप्पर एवढ्या वाऱ्याने उडायला हरकत नाही. भोवती उभे माड, लोंबणाऱ्या विजेच्या तारा, आणि उतरायला चिखलाचे भातखाचर. गॉर्लिन यांच्या खेळातली ओलीस चिरडण्याची भीती इथे भौतिकशास्त्राच्या भाषेत परत येते. प्रत्यक्ष वादळात तर हेलिकॉप्टर उडतच नाही. ते येते वारा पडल्यावर, म्हणजे बहुतेक मृत्यू होऊन गेल्यावर.

२६ डिसेंबर २००४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ६ वाजून २९ मिनिटांच्या सुमारास सुमात्राच्या पश्चिमेस ९.१ प्रतीचा भूकंप झाला. त्सुनामीच्या लाटा नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर पोहोचल्या त्या दोन तासांहून अधिक काळाने. एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यात ६,००० हून अधिक माणसे गेली. भारताच्या मुख्य भूमीवर इतकी हानी दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्याची झाली नाही. (१९९१ पर्यंत हा जिल्हा तंजावरचाच भाग होता.) अक्करैपेट्टै, कीचांकुप्पम या कोळीवाड्यांत रविवारची सकाळ होती. नौदलाने ‘ऑपरेशन मदद’ या नावाने जहाजे आणि हेलिकॉप्टरे धाडली, हवाई दल आणि तटरक्षक दलही आले. अन्न, औषधे, पाणी पोहोचले. त्यांच्या कामाचे मोल कमी नाही. पण ते दोन तास कुणाच्याच हाती लागले नव्हते. भूकंपमापकांवर नोंद होती. ती नोंद किनाऱ्यावरच्या माणसाच्या कानापर्यंत नेणारी वाट नव्हती.

एका गावाला ती वाट मिळाली. डेल्टाच्या उत्तरेस, पुदुच्चेरीच्या हद्दीतील नल्लवाडु हे कोळ्यांचे गाव. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने तिथे ग्राम ज्ञानकेंद्र चालवले होते. समुद्रातल्या लाटांच्या उंचीचा अंदाज रोज इंटरनेटवरून घेऊन ते ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवत, म्हणजे मासेमारांना निघायचे की नाही ते ठरवता येई. त्या सकाळी सिंगापूरला नोकरीस असलेल्या गावच्या एका तरुणाने त्सुनामीची बातमी पाहिली आणि घरी फोन केला. गावकऱ्यांनी ज्ञानकेंद्र उघडून ध्वनिक्षेपकावरून सर्वांना किनाऱ्यापासून दूर जायला सांगितले. घरे आणि होड्या गेल्या. साडेतीन हजारांवर वस्तीचे गाव वाचले. त्यात उपग्रह नव्हता, हेलिकॉप्टर नव्हते. पूर्वी कधीतरी स्वस्त झालेल्या तीन गोष्टी होत्या : दूरचित्रवाणी, फोन आणि भोंगा. योकोई यांना हे तंत्रज्ञान नक्कीच ओळखीचे वाटले असते. फरक एवढाच की भोंगा आधीपासून रोज वापरात होता; लोकांना त्याचा आवाज ऐकून काय करायचे ते माहीत होते. नेमक्या संकटाच्या दिवशी नवे यंत्र बसवून हे साधत नाही.

मदतकार्याने आणखी एक गोष्ट उघड केली. हेलिकॉप्टरातून दिसतो तो किनारा, फुटलेल्या होड्या, कोळीवाडे. त्यांच्या मागे, कालव्यांच्या काठांवर आणि खाऱ्या झालेल्या शेतांलगत, भूमिहीन शेतमजुरांच्या वस्त्या आहेत, आणि त्यांत बहुसंख्य दलित आहेत. त्यांची होडी बुडालेली नव्हती, म्हणून नुकसानीच्या यादीत त्यांचे नाव सहज येत नव्हते. त्यांची मजुरी त्या शेतांबरोबर बुडाली होती. नागपट्टिनम जिल्ह्यात मदतवाटपात दलितांना डावलले गेल्याचे मानवी हक्क संघटनांनी त्या काळात नोंदवून ठेवले आहे. द्रवस्फटिकाच्या पडद्यावर ज्याची आकृती कारखान्यात कोरलेली नाही तो कधीच उमटत नाही, कितीही विद्युत्-दाब दिला तरी. सरकारी यादीचे वागणेही पुष्कळदा असेच असते. तीत नवी आकृती कोरता येते, हा फरक मोठा आहे, पण ते काम वादळापूर्वी करावे लागते.

त्यानंतरची वीस वर्षे मुख्यतः त्या हुकलेल्या दोन तासांवर खर्च झाली. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात ऑक्टोबर २००७ पासून त्सुनामी इशारा केंद्र चालते. भूकंपाची जागा आणि प्रत काही मिनिटांत ठरवून, समुद्रातल्या दाबमापकांशी ताडून ते इशारा देते. ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राजवळ ८.६ प्रतीचा भूकंप झाला तेव्हा इशारा वेळेवर निघाला. भूकवचाची हालचाल आडवी असल्याने मोठी लाट उठली नाही. चक्रीवादळांच्या बाबतीत इन्सॅट उपग्रहांची चित्रे १९८० च्या दशकापासून आणि कारैकालचे रडार यांनी मनोऱ्याचे क्षितिज शेकडो किलोमीटर लांब नेले.

१६ नोव्हेंबर २०१८ च्या मध्यरात्रीनंतर ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळ जमिनीवर आले, ताशी १०० ते १२० किलोमीटर वाऱ्यानिशी. म्हणजे जोर साधारण १९७७ इतकाच. या वेळी त्याच्या मार्गाचा अंदाज आधीच्या दिवसांपासून होता आणि पाऊण लाखाहून अधिक माणसांना आदल्या संध्याकाळपर्यंत निवाऱ्यांत हलवण्यात आले होते. मृतांची संख्या १९७७ च्या मानाने फार थोडी राहिली. जे हलवता आले नाही ते गेले : पट्टुकोट्टै, पेरावूरणी, वेदारण्यम पट्ट्यातले माड मुळासकट आडवे झाले. विजेचे खांब इतके कोसळले की कित्येक गावे आठवड्यांपर्यंत अंधारात राहिली, आणि फोन बंद पडल्याने आत कुठे काय झाले आहे हे कळायलाच काही दिवस गेले. माडाचे नवे रोप फळ धरायला पाच-सात वर्षे घेते. ज्यांनी कर्ज काढून बागा उभ्या केल्या होत्या त्यांना ती वर्षे कुठून आणायची हा प्रश्न होता. निवाऱ्यातून परतलेल्या माणसाची मोजणी ‘वाचला’ या रकान्यात होते. त्याच्या बागेला, बाग तोडायला येणाऱ्या मजुराच्या पुढल्या हंगामाच्या मजुरीला, त्या वर्षी कोणत्याच तक्त्यात रकाना सहज सापडत नव्हता, आणि डेल्टातल्या गावांत रस्ता अडवून बसलेले लोक अधिकाऱ्यांकडे मागत होते ते नेमके तेवढेच : आमच्या गावात या आणि मोजा.